धांदऱ्याचा तुवालो

माझ्या नवऱ्याचं तोंड दर सोमवारी खाणीच्या गेटवर टांगलं जायचं आणि अख्खी पाळी त्याला हसायची. मला ते कधीच आवडलं नाही. मी भांडकुदळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. आणि सगुणाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते इतकं आवडायचं की सोमवारी तो चहाचा कप अर्धा टाकून पळायचा. कशाला, तर गेटजवळ उभं राहून लोक आपल्याला कसे हसतात ते बघायला.

खाण डिचोली तालुक्यात. लोखंडाची लाल माती डोंगरातून काढायची, पट्ट्यावरून खाली आणायची, ट्रकात भरायची आणि नदीवर बार्जीत, म्हणजे मालाच्या सपाट बोटीत, ओतायची. सगुण त्या पट्ट्यावर होता. आम्ही मूळचे पेडण्यातल्या कोरगावचे, म्हणजे तो कोरगावचा. माझं माहेर डिचोलीत, वडील मराठी शाळेत मास्तर, आणि मी स्वतः बालवाडीत शिकवायची. खाणीपासून जवळ म्हणून दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही डिचोलीतच राहत होतो.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं तेव्हाची गोष्ट. कंपनीत पुण्याहून सुधीर साहेब आले, पर्सोनेल ऑफिसर म्हणून. वयाने तरुण, बोलायला गोड. त्यांच्या डोक्यात एकच होतं, की कंपनीची म्हणून काही मूल्यं असतात आणि ती मॅनेजरपासून माती ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांना समजली पाहिजेत. शिस्त, सुरक्षितता, आपुलकी. आधी त्यांनी इंग्रजीत परिपत्रक लावलं. त्याच्यावर कुणीतरी विडीची राख झाडली. मग त्यांनी ते आपल्या भाषेत लावायचं ठरवलं आणि आगीत हात घातला. मराठीत लावलं तर कोंकणीवाले तोंड फिरवणार, कोंकणीत लावलं तर मराठीवाले. युनियन एकच, पण भाषेवरून तिच्यात उभी फूट पडलेली. कोल्हापूर-बेळगावकडचे कामगार बिचारे मधल्यामधे विचारायचे, "अहो पण त्यात लिवलंय काय?"

तेव्हा साहेबांनी ठरवलं, शब्द कमीत कमी, चित्रंच बोलू देत. चित्रांची पट्टी, रंगीत, दर सोमवारी नवी.

चित्रं काढायला माणूस कंपनीतच होता. गुरुदास. गॅरेजमध्ये डंपरवर नंबर आणि ट्रकांमागे देवाची नावं रंगवायचा. हात सुंदर, पण एक खोड होती. त्याला मनातून तोंड काढता येत नसे. समोर माणूस बसला तर हुबेहूब उतरवील, नाहीतर भोपळ्याला डोळे. साहेबांनी पट्टीत दोन माणसं मागितली होती, एक शाणो आणि एक धांदरो. धांदरो दर वेळी चूक करणार, शाणो त्याला सावरणार. शाण्याचं तोंड गुरुदासने एका कॅलेंडरवरून उचललं. धांदऱ्यासाठी तो आमच्या घरी आला. तो आणि सगुण कोरगावात एकाच बाकावर शिकलेले.

"सगुणा, तुझा तोंड दी मरे," तो म्हणाला.

"व्हर," सगुण म्हणाला, म्हणजे ने. एवढाच करार.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "तुमका लज दिसना? सगळ्या खाणीचो पिसो जातलात."

"पिसो न्हय गो," तो हसत म्हणाला, "संकासूर."

पिसो म्हणजे वेडा, पण संकासूर काय ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. आमच्या पेडण्यात देवळाच्या जत्रेला कालो होतो, दशावतार. त्यात संकासूर येतो, काळा झगा घालून. तो वेद चोरतो, अडखळतो, पडतो, मोठमोठ्यांच्या खोड्या काढतो आणि सगळ्यांकडून स्वतःला हसून घेतो. शेवटी विष्णू त्याला मारतो. सकाळी तोच माणूस झगा काढून देवळाच्या पायरीवर चहा पीत बसतो आणि बायका त्याच्या पाया पडायला पोरं घेऊन जातात. ते काम कुणालाही देत नाहीत. ज्याला सगळ्यांचं सगळं पाठ असतं, कोण कुठे चुकणार हे आधी कळतं, त्यालाच ते मिळतं. कोरगावात ते काम सगुणाकडे होतं आणि त्याच्या आधी त्याच्या बापाकडे. आपल्याला हसतात म्हणजे आपल्यावर माया करतात, हे तो त्या झग्याबरोबरच शिकला होता.

मला मात्र ते पटलं नव्हतं. कालो देवळात असतो, हे गेट होतं. पण तेव्हा मला ते असं नेमकं बोलता आलं नाही. मी फक्त भांडी आपटली.

पट्टी लागली आणि खरोखर चालली. धांदरो हेल्मेट उलटं घालून त्यात काजू गोळा करायचा. धांदरो चालत्या ट्रकाला लटकायचा आणि त्याची चड्डी फाटायची. मोठे दात, मोठं हसू, उजव्या गालाला खळी, सगळं सगुणाचं. बेळगावचा एक ट्रकवाला रोज ओरडायचा, "काय धांदरोबा, आज काय फाडून घेतलंस?" आणि सगुण खरोखर चड्डी धरून पळून दाखवायचा. हेल्मेट न घालणारे घालायला लागले, कारण नाही घातलं की बाजूचा म्हणायचा, "धांदरो जालो मरे तू." साहेब खूश होते. मुंबईच्या हेड ऑफिसातही पट्ट्या गेल्या म्हणे.

आता तुवाल्याची गोष्ट. पट्ट्याच्या खाली रोलर असतात, त्यात ओली माती अडकते. ती काढायला पट्टा बंद करून आत वाकावं लागतं. त्या वेळी कुणी बटण दाबलं तर संपलं. म्हणून सगुण आत जाण्याआधी गळ्यातला तुवालो, म्हणजे पंचा, काढून बटणाच्या पेटीवर टांगायचा. लाल काठाचा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला. तुवालो दिसला की पेटीला हात लावायचा नाही, आत माणूस आहे. हे कुणी नेमून दिलेलं नव्हतं. त्याचं बघून सगळे तसंच करायला लागले. बाहेरगावचे कामगारसुद्धा आपापले पंचे टांगायचे.

साहेबांच्या कानावर हे गेलं आणि त्यांना फार आवडलं. म्हणाले, "यावर पट्टी करू. हीच आपली मूल्यं." मग गुरुदासने काढली. धांदरो तुवालो टांगायला विसरून आत वाकतो, शाणो धावत येऊन आपला तुवालो टांगतो आणि बोट वर करून म्हणतो, "आधी तुवालो, मग काम!" लोकांना ती इतकी आवडली की दर महिन्याला धांदरो तुवालो विसरायला लागला. कधी त्याने तो डोक्याला बांधलेला, कधी त्यात भाकरी गुंडाळलेली.

त्या सोमवारी मी खूप भांडले. "तुवालो तुमचो, अक्कल तुमची, आनी नांव त्या कॅलेंडरवाल्याचां? आनी तुमी विसरतात?"

तो जेवत होता. खळी पाडून म्हणाला, "संकासुराक कोण शाणो म्हणता गो? हांसले मगे? जाला. हांसान सांगलेला ध्यानात रवता."

खूप प्रेम होतं माझं त्याच्यावर. भांडताना ते जास्तच वाटायचं.

पुढच्या वर्षी कंपनीने पट्ट्याच्या वरच्या टोकाला काचेची नवी केबिन बांधली आणि तिथे दुसरं बटण बसवलं. खाली धूळ खात उभं राहण्यापेक्षा वरूनच पट्टा चालवता यावा म्हणून. चालू करण्याआधी भोंगा वाजायला हवा होता. तो मागवला होता, आला नव्हता. तुवालो खालच्या पेटीवर, केबिन वर. वरून खालची पेटी दिसत नव्हती. सगुण घरी म्हणाला होता, "भोंगो येयसर सांबाळून रवाक जाय." मी म्हटलं, "मग साहेबाक सांगात." म्हणाला, सांगितलंय, येतोय भोंगा.

फेब्रुवारीत तो गेला. सकाळची पाळी होती. बार्ज भरतीला सोडायची घाई होती, रोलरमध्ये माती अडकली, तो आत वाकला. वरून कुणीतरी पट्टा चालू केला.

पहिल्यांदा पोचला तो गुरुदास. गॅरेज जवळच होतं. पट्टा बंद झाला होता, सगुण श्वास घेत होता, खांद्याकडून रक्त वाहत होतं. गुरुदासने इकडेतिकडे पाहिलं, पेटीवर टांगलेला तुवालो ओढला आणि जखमेला आवळून बांधला. डिचोलीच्या दवाखान्यापर्यंत सगुणाचं डोकं मांडीवर घेऊन तो बसला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी तो तुवालो कात्रीने कापून काढला. भिजलेली चिंधी, कोण ठेवणार? टाकून दिली असेल. मी पोचले तेव्हा सगुण पांढऱ्या चादरीखाली होता आणि गुरुदास भिंतीला टेकून हात बघत बसला होता. तिथे मी काय केलं ते मला आठवत नाही. शेजारणी सांगतात की मी सगुणाशी भांडत होते.

दुपारी चौकशीची माणसं पट्ट्यापाशी गेली तेव्हा पेटीवर तुवालो नव्हता. फोटोत नुसती पेटी आली.

गुरुदासने सगळं सांगितलं. तुवालो टांगलेला होता, मीच ओढला, मीच बांधला. दुसऱ्या कुणी ते पाहिलं नव्हतं, सगळे धावत मागून आले होते. तेव्हा चौकशीवाल्यांनी त्याच्यासमोर टेबलावर त्याच्याच पट्ट्या पसरल्या. हे सारं गुरुदासने नंतर मला सांगितलं, आमच्या ओट्यावर बसून, मान खाली घालून.

"माका विचारलां, हीं चित्रां कोणाचीं? म्हटलां, माजीं. तोंड कोणाचां? म्हटलां, सगुणाचां. तो कितें विसरता? म्हटलां, तुवालो. मगीर म्हणतत, मग?" त्याने नाक पुसलं. "वयनी, मी म्हटलां, बाबांनो, तो खेळ. ते हांसूंक सुदीक ना."

अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे, असं ठरलं. केबिनचं, भोंग्याचं कुठे काही आलं नाही. मला जे काही द्यायचं ते त्यांनी दिलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला त्या एका शब्दाची चीड होती. जो माणूस पाण्याची घागर ठेवतानाही खाली बघून ठेवायचा, तो निष्काळजी?

मी गप्प बसले असते, कदाचित. पोर तीन वर्षांची होती, सुविधा, तिच्यामागे दिवस जात होते. पण मार्चच्या सुरक्षा सप्ताहात मोठी पट्टी काढायची ठरली. धांदरो तुवालो विसरतो आणि या वेळी शाणो वेळेवर पोचत नाही. गुरुदासला तसा हुकूम आला आणि तो सरळ माझ्याकडे आला. मी पदर खोचला आणि खाणीवर गेले.

सुधीर साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. पाणी मागवलं. वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन.

"साहेब, ते चित्र लावू नका," मी म्हटलं.

"विमलाताई, तुमचं दुःख मला कळतं. पण असं बघा, ते पाहून उद्या एखाद्याचा जीव वाचला तर सगुणचं जाणं वाया गेलं नाही, असं होईल. आणि आपण नाव तर कुठेच घालत नाही."

"नाव कशाला हवं? तोंड आहे ना. आणि तो विसरला नव्हता."

"चौकशीत तसं सिद्ध झालं नाही, ताई."

"गुरुदासने सांगितलं की!"

साहेबांनी काचेचा पेपरवेट बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाले, "गुरुदासनेच वर्षभर उलटं सांगितलंय ना. दर सोमवारी."

तेव्हा मी त्यांना संकासूर सांगितला. काळा झगा, वेद, पायरीवरचा चहा, पाया पडणाऱ्या बायका, सगळं. सांगितलं की आमच्यात सगळ्यात शहाण्या माणसालाच वेड्याचं काम देतात, आणि आमचे लोक त्याला हसले तरी त्याला वेडा समजत नाहीत. मी शाळेत मुलांना सांगते तसं समजावून, आवाज न चढवता सांगितलं. माझ्या आयुष्यात मी इतकी शांत कधी बोलले नाही. साहेबांनी मन लावून ऐकलं. त्यांचे डोळे चमकले.

"फारच छान आहे हे," ते म्हणाले. "यावर एक स्वतंत्र पट्टी करता येईल आपल्याला."

मी पाणी न पिता उठले. रस्त्याने घरी येताना रडत आले. लाज वाटली नाही.

गुरुदासने ती पट्टी काढली नाही. ब्रश साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि परत डंपरवर नंबर घालायला गेला. मला वाटलं, संपलं. तोंड त्याच्याच हातात होतं, तोच काढत नाही म्हटल्यावर कोण काढणार? पण तोंड आता त्याच्या हातात कुठे होतं? ते गेटवर होतं. कंपनीने म्हापशाचा एक पेंटर आणला, जुन्या पट्ट्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि त्याने बघून बघून उतरवलं. सगुणाला त्याने कधी पाहिलंही नव्हतं. त्याच्यासमोर सगुणाची एकच मुद्रा होती, हसरी. म्हणून त्या शेवटच्या चित्रात धांदरो पट्ट्याखाली मरून पडला आहे आणि सगळे दात दाखवून हसतो आहे. खळीसकट. पेटीवर काही नाही. शाणो बाजूला बोट वर करून उभा आहे.

त्या सोमवारी गेटवर कुणी हसलं नाही, असं म्हणतात. बेळगावच्या ट्रकवाल्याने गाडी थांबवून बोर्डाला हात जोडले, मग कुणीतरी त्याला पुढे हो म्हणून हॉर्न वाजवला.

कोरगावला त्या वर्षी काल्यात संकासूर दुसऱ्या कुणी केला. मी गेले नाही. सगुणाचा झगा सासूने धुऊन, घडी करून देवळात दिला.

घरी त्याचा फोटो एकच, कंपनीच्या बिल्ल्यावरून मोठा केलेला. त्यात तो ओठ मिटून, फोटोग्राफरला घाबरल्यासारखा बघतो. पोरीला मी तो दाखवायचे, हे तुझे बाबा, आणि ती ओळखायची नाही. एकदा गुरुदासने आणून दिलेल्या जुन्या पट्ट्यांची गुंडाळी तिने उघडली आणि उलट्या हेल्मेटातून काजू काढणारा धांदरो बघून ती ओरडली, "बाबा!" आणि त्याच्या खळीवर बोट ठेवलं. ते कागद मी चुलीत घालायला काढले होते. पुन्हा आत ठेवले. काय करणार? माझा नवरा हसताना दुसरीकडे कुठेच उरलेला नाही. मीही कधी कधी काढून बघते. शिव्या घालते आणि बघते.

सगळ्या पट्ट्या एकत्र करून कंपनीने पुढे पुस्तक छापलं, गुळगुळीत कागदाचं. सुधीर साहेब तोपर्यंत बदलून गेले होते. पुस्तकं खाणीच्या आसपासच्या शाळांना फुकट वाटली. मला त्याचा पत्ता नव्हता.

सुविधा तेव्हा तिसरीत होती. दुपारी शाळेतून आली ती पळतच, दप्तर न काढता, छातीशी पुस्तक धरून. तिच्या डोळ्यांत इतका आनंद मी फार दिवसांनी पाहिला. "आई, बाबा पुस्तकात आसात! मी सगळ्यांक सांगलां, हे माजे बाबा. शाळेतल्या बायनीय पळयलां!"

ती माझ्या मांडीशी बसून एकेक पान उलटत गेली. हेल्मेट आलं, काजू आले, फाटकी चड्डी आली. ती खदखदून हसत होती, तिच्याही गालाला तीच खळी. मी पुस्तक मिटायला हात पुढे केला, पण तिने शेवटचं पान काढलंच. मग हसू थांबलं.

"आई, बाबांनी पेटयेर तुवालो कित्याक घालूंक ना?"

"घाललेलो, बाय," मी म्हटलं. "तुज्या बाबांनी तुवालो घाललेलो. गुरुदासकाकान आपल्या दोळ्यांनी पळयला."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग परत पुस्तकाकडे. वाकून, अगदी नाक लावून, तिने ती रिकामी पेटी बोटाने चाचपून पाहिली. मला दुखवू नये म्हणून असेल, फार हळू बोलली.

"पूण चित्रात ना गो, आई."